पाहुणे येतात, पण टिकत नाहीत

वाचकाचं पत्र (थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील वगळून)

सोलापुरातल्या एका जुन्या मराठी चर्चच्या सभासद असलेल्या शिक्षिकेचं हे पत्र आहे. या वर्षी त्या पंचकमिटीवर निवडून आल्या आणि नव्या लोकांचं स्वागत व आजूबाजूच्या वस्तीशी संपर्क ही दोन्ही कामं त्यांच्याकडे आली. त्या लिहितात: ‘‘आमच्याकडे नवे चेहरे अधूनमधून दिसतात. शिकायला आलेली मुलं, बदली होऊन आलेलं एखादं रेल्वेतलं कुटुंब, जवळपासच्या बाया. एक-दोन रविवार येतात आणि मग दिसेनासे होतात. पूर्व भागातली विड्या वळणारी एक तेलुगू बाई तीन रविवार आली. शेवटच्या बाकावर बसायची. तिसऱ्या रविवारी प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) होतं. सगळे उठून पुढे गेले. तिला काय करायचं कळेना. अर्धवट उठली, पुन्हा बसली. दानाची थैली आली तेव्हा ती पदराची गाठ सोडायला लागली, तोवर थैली पुढच्या बाकावर गेलीही होती. त्यानंतर ती आली नाही. ज्येष्ठ पंच म्हणतात, आपली मंडळी घरासारखी आहे, ज्याला यायचं तो येईल. तरुण संघाला मैदानावर मोठा कार्यक्रम करायचाय: स्टेज, बँड, धान्याचे किट. मागच्या थंडीत आम्ही शेजारच्या वस्तीत चादरी वाटल्या, तेव्हा एका गृहस्थांनी सगळ्यांसमोर विचारलं, ‘यामागे हेतू काय?’ मी गप्प बसले. कोणावर दडपण येणार नाही आणि कोणाला संशय येणार नाही, असं हे काम करायचं कसं? की हे माझं कामच नाही?’’

प्रिय ताई,

सगळी मंडळी गाण्यात असताना शेवटच्या बाकावरच्या बाईच्या पदराची गाठ तुम्हाला दिसली. हे काम तुमचं आहे की नाही, याचं उत्तर मला तिथेच मिळालं. आता बाकीच्या प्रश्नांकडे येते.

तुमच्या कमिटीत दोन मतं आहेत. एक म्हणतं, येतील ते येतील. दुसरं म्हणतं, मोठा कार्यक्रम करून लोक आणू. पण तुमचंच पत्र सांगतंय की लोक येतात. कोणी न बोलावता, पत्ता शोधत, अनोळखी फाटकातून आत येण्याचं धाडस करून येतात. मग आणखी शंभर माणसं आणून त्याच शेवटच्या बाकावर बसवली, तर काय साधणार? स्टेजचा विचार थोडा बाजूला ठेवा. आधी जे आपल्या पायांनी आले त्यांचं काय झालं, ते पाहू.

‘आपली मंडळी घरासारखी आहे’ हे ज्येष्ठांचं म्हणणं खरंच आहे, आणि अडचणही तिथेच आहे. आशीर्वाद झाला की आपण बाहेर येतो आणि झाडाखाली घोळके जमतात. कोणाच्या मुलीचं जमलंय, कोणाची आई दवाखान्यात आहे, गावच्या जमिनीचं काय झालं. आठवड्याभराचं बोलणं साठलेलं असतं आणि त्यात वाईट काहीच नाही. पण नवा माणूस तेव्हा काय करतो, हे एकदा लांबून पाहा. तो सूचनाफलक वाचतो, पुन्हा वाचतो, मोबाईल काढतो, खिशात ठेवतो आणि फाटकाकडे चालू लागतो. त्याला कोणी दुखावलेलं नसतं. आपली माया आतल्या आत फिरत राहिली आणि तो तिच्या बाहेर उभा राहिला, एवढंच झालेलं असतं. म्हणून एक नियम करा आणि तो पाळकसाहेबांच्या तोंडून जाहीर होऊ दे: उपासना संपल्यावर पहिली दहा मिनिटं सभासदांनी ओळखीच्यांशी बोलायचं नाही. आजारपण, लग्न, जमीन सगळं दहा मिनिटांनंतर. सुरुवातीला अवघडल्यासारखं होईल. चालेल.

मात्र बोलायचं काय, हेही ठरवावं लागेल आणि इथे मी जरा स्पष्ट लिहिते. आपल्याकडे नव्या माणसाला पहिला प्रश्न असतो, ‘नाव काय?’ दुसरा, ‘आडनाव?’ आणि तिसरा, ‘मूळ गाव कोणतं?’ विचारणाऱ्याला वाटतं, चौकशी केली, आपुलकी दाखवली. ऐकणाऱ्याला नेमकं कळतं की आडनाव आणि गाव मिळून काय शोधलं जातंय. ज्या माणसाने आयुष्यभर शाळेत, नोकरीत, भाड्याचं घर शोधताना हे दोन प्रश्न झेललेत, तो निदान प्रभूच्या घरात तरी त्यातून सुटका मागायला आलेला असतो. स्वागताला उभ्या राहणाऱ्यांना हे सांगाच: आडनाव आणि गाव पाहुण्याने आपणहून सांगितलं तर ऐकायचं, विचारायचं नाही. ‘किती लांबून आलात?’, ‘ऊन फार लागलं का?’, ‘चहा घेणार ना?’ एवढ्यावर संभाषण छान चालतं.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातला दुसरा अध्याय तुम्हाला पाठ असेल. सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगल्या जागी बसवलं आणि मळक्या कपड्यातल्या गरिबाला उभं ठेवलं, म्हणून याकोब मंडळीला कडक शब्दांत बोलतो. आपण कोणाला जमिनीवर बस म्हणत नाही. पण प्रत्येक चर्चमध्ये घराण्यांचे बाक ठरलेले असतात, आणि त्यावर चुकून बसलेल्या पाहुण्याला ‘ही अमक्या काकूंची जागा’ असं हळूच सांगितलं जातं. ती काकू स्वतः उठून म्हणाली, ‘बसा, मी इकडे सरकते,’ तर त्या रविवारचा अर्धा उपदेश तिथेच झाला. दरवाजापाशी कोण असावं याबद्दल माझं मत असं: सर्वांत मानाचा माणूस नको, नावं लक्षात राहणारा माणूस हवा. पहिल्या रविवारी ‘या’ म्हणायला कोणीही उभं राहू शकतं. दुसऱ्या रविवारी नावाने हाक मारली, तर माणूस तिसऱ्या रविवारी येण्याची शक्यता जास्त.

पाहुण्यांना उभं करून ओळख करून घेण्याची, गुलाब देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. हेतू चांगला असतो, तरी माझा तिला विरोध आहे. काहींना ते आवडेल, पण जो मन जड करून, कोणाला न सांगता आलाय, त्याला दोनशे डोळ्यांसमोर उभं करणं हा छळ आहे. फोटोंचं तर त्याहून गंभीर. संडे स्कूलच्या, गाण्याच्या फोटोत मागे बसलेला पाहुणा दिसतो, फोटो ग्रुपवर जातो, ग्रुपवरून गावाकडे जातो आणि मग त्या माणसाला घरी उत्तरं द्यावी लागतात. आजच्या दिवसांत ही किंमत लहान नाही. पाहुण्यांचा फोटो त्यांना विचारल्याशिवाय काढायचा नाही, टाकायचा तर मुळीच नाही, हे कमिटीच्या ठरावात लिहून घ्या. फोन नंबरही पहिल्या दिवशी मागू नका. तुमचा नंबर चिठ्ठीवर द्या. गरज वाटली तर ते करतील.

आता उपासनेतल्या अडचणीच्या जागा. आपल्याला लहानपणापासून सगळं ठाऊक असल्याने त्या आपल्याला दिसतच नाहीत. केव्हा उभं राहायचं, कुठलं पुस्तक उघडायचं, कोणत्या प्रार्थनेला सगळे मिळून बोलतात. नव्या माणसाशेजारी कोणीतरी बसून आपलं गीतांचं पुस्तक दोघांच्या मध्ये धरलं, तर यातलं बहुतेक निभतं. दानाच्या आधी पाळकसाहेबांनी एक वाक्य म्हणावं: ‘जे पाहुणे म्हणून आलेत त्यांनी काही देण्याची गरज नाही, थैली पुढे जाऊ द्या.’ हे वाक्य ऐकलं की किती खांदे सैल होतात ते पाहा. प्रभुभोजनाच्या वेळीही तसंच. तुमच्या मंडळीची जी रीत असेल, बाप्तिस्मा आणि दृढीकरण (मोठेपणी विश्वास जाहीर करण्याचा विधी) झालेल्यांनीच घ्यायचं किंवा अन्य काही, ती बदला असं मी म्हणत नाही. ती आधी आणि मोकळेपणाने सांगा: कोणी पुढे यावं, जे घेणार नाहीत त्यांनी जागेवर बसून प्रार्थना करावी किंवा फक्त आशीर्वादासाठी पुढे यावं. नियमाचं दुःख फारसं होत नाही. नियम माहीत नसताना सगळ्यांच्या नजरेत आपण चुकलो, याचं होतं.

विड्या वळणाऱ्या त्या तेलुगू ताईंबद्दल तुम्ही धरून चालला आहात की त्या दुखावल्या. असेलही. पण विडी कामगाराच्या घरात हात थांबला की मजुरी थांबते, कारण हिशेब हजार विड्यांवर असतो. पान खराब आलं असेल, मूल आजारी असेल, सासूने नको म्हटलं असेल. खरं कारण विचारल्याशिवाय कळणार नाही आणि अजून तरी कोणी विचारलेलं दिसत नाही. एखादी तेलुगू बोलणारी बाई सोबत घ्या आणि दुपारी जा. चारचौघींचा जथा नको, पवित्र शास्त्र हातात नको. ‘तुम्ही दिसला नाहीत, म्हणून बरं आहे ना पाहायला आलो’ एवढंच बोला. ‘येत्या रविवारी नक्की या’ हे वाक्य जिभेवर आलं तरी गिळा. त्यांनी चहा दिला तर घ्या, विड्या वळताना दोन मिनिटं शेजारी बसा. त्या परत आल्या नाहीत तरी ही भेट वाया गेली असं मी मानणार नाही.

भाषेचा विषय निघालाच आहे तर लिहिते. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एका गल्लीत ऐकू येतात. आपली उपासना मराठी आहे, ती मराठीच राहू दे. पण महिन्यातून एकदा एक वाचन तेलुगूत किंवा कन्नडमध्ये व्हायला काय हरकत आहे? तुमच्या मंडळीत ते वाचू शकणारी माणसं नक्की असतील. याच गावचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथे जखमींची सेवा करत चिनी शिकले आणि 1942 मध्ये त्याच मातीत गेले. ज्यांच्यात काम करायचं त्यांची भाषा तोंडात आणायची, हे सोलापूरकरांना परक्याने शिकवायला नको.

काही ज्येष्ठांना भीती वाटेल की असं दार उघडं ठेवलं तर सभासद कोण आणि पाहुणा कोण, हेच राहणार नाही. त्यांना रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आठवण करून द्या. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांची भजनं आपण आजही गातो आणि ती अभंगाच्या वळणाची असल्याने बाहेरून आलेल्याच्या कानालाही परकी वाटत नाहीत. आयुष्याच्या शेवटच्या काळात, 1917 मध्ये, त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही जागा होती. येशूकडे ओढ वाटणाऱ्या माणसाला आधी शिक्का दाखव, मग आत ये, असं म्हणणं त्यांना मान्य नव्हतं. आपल्याच परंपरेतला हा मोठा माणूस आहे. पाहुण्याला वर्षानुवर्षं पाहुणा राहू देण्यात कमीपणा नाही.

आता वस्तीकडे वळते. ‘यामागे हेतू काय?’ हा प्रश्न तुम्हाला अपमानासारखा लागला. मला तो रास्त वाटतो. अनोळखी माणसं एक दिवस गाडी घेऊन येतात, चादरी देतात, फोटो काढतात, प्रार्थना करतात आणि निघून जातात. ज्या शहराच्या चादरी देशभर जातात, ज्या वस्तीतली निम्मी घरं मागावर आणि टॉवेलच्या कारखान्यात राबतात, तिथे आपण जाऊन चादरी वाटल्या! त्यांना काय हवंय, हे कोणी विचारलं होतं? त्या गृहस्थांनी पुन्हा विचारलं तर गप्प राहू नका आणि आडवळणही घेऊ नका. ‘आम्ही येशूवर विश्वास ठेवतो, त्यानेच शेजाऱ्यावर प्रीती करायला सांगितलंय म्हणून येतो. बदल्यात आम्हाला काही नको.’ दोन्ही वाक्यं खरी असली पाहिजेत. दुसरं खरं ठरवण्यासाठी काही गोष्टी पक्क्या करा. मदत घेणाऱ्याकडून प्रार्थनेची अपेक्षा नाही. आईवडिलांना कळवल्याशिवाय मुलांसाठी कोणताही कार्यक्रम नाही. दवाखान्यात पत्रकं वाटणं नाही. प्रार्थनेने बरं होण्याची हमी कोणालाही द्यायची नाही आणि गोळ्या बंद करा असं तर कधीच सांगायचं नाही. श्रद्धा लपवायची नाही. कोणी विचारलं तर मनापासून सांगायचं. पण मदतीचं गाठोडं आणि श्रद्धेचं बोलणं एकाच हाताने पुढे करायचं नाही, कारण घेणारा गरजू असतो आणि त्याला नाही म्हणता येत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानातल्या चौथ्या अध्यायात येशू विहिरीपाशी शोमरोनी बाईला भेटतो. सुरुवात तो मागण्यापासून करतो: मला प्यायला पाणी दे. ज्या लोकांशी यहूदी संबंध ठेवत नसत, त्यांच्या हातचं पाणी तो मागतो. लोक ज्याला पापी म्हणत त्या जक्कय जकातदाराच्या घरीही तो पाहुणा म्हणूनच जातो. आपण मंडळी म्हणून नेहमी देणाऱ्याच्या जागी उभं राहतो, आणि देणाऱ्याशी मैत्री होत नाही, त्याचे फक्त आभार मानले जातात. तुम्हाला मी हेच आग्रहाने सांगेन: वर्षभर आधी वस्तीकडून घ्यायला शिका. शेजारचं मंडळ आरतीचं निमंत्रण देतं, लग्नाची पत्रिका येते, ईदचा शीरखुर्मा येतो. आरतीत भाग घ्यायचा की नाही, हे प्रत्येकाने आपल्या विवेकाप्रमाणे ठरवावं. पण भेटायला जाणं, अभिनंदन करणं, दारात चार शब्द बोलणं यात कोणाचा विश्वास ढळत नाही. संक्रांतीला सिद्धेश्वराचे नंदीध्वज निघतात आणि सारं गाव रस्त्यावर असतं. आषाढीआधी शेगावची पालखी सोलापुरातून पंढरपूरला जाते. त्या दिवशी चर्चचं फाटक बंद आणि आत अंधार असेल, तर शेजाऱ्यांनी आपल्याबद्दल काय समजायचं? वारीची व्यवस्था पाहणाऱ्यांना विचारा, स्वयंसेवक कुठे कमी पडतात. पाणी द्यायला, कचरा उचलायला हात कुठेही चालतात. आपला बॅनर मात्र नको.

मग द्यायचं काय? जे आपल्याकडे खरंच आहे ते. तुमच्या मंडळीत शिक्षक, परिचारिका, कारकुनी केलेली माणसं भरपूर असणार. आपल्या मंडळ्या तशाच घडल्यात. विडी कामगारांच्या मुलांना केंद्र सरकारची शिष्यवृत्ती असते आणि अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर ऑनलाइन भरावा लागतो. कागद जुळवताना, आधार आणि बँक खातं जोडताना कितीतरी घरं मागे राहतात. रविवारी दुपारी हॉलमध्ये दोन लॅपटॉप घेऊन तुमच्यासारखे चौघे बसले, तर ते काम धान्याच्या किटपेक्षा लांब टिकेल. दुसरं म्हणजे जागा. ज्या खोलीत माग किंवा विड्यांचं सूप असतं, तिथे दहावीचं मूल अभ्यास कुठे करणार? तुमचा हॉल सोमवार ते शनिवार कुलूपबंद असतो, असं मी धरून चालते. संध्याकाळी सहा ते नऊ तिथे अभ्यासिका चालवा, सर्व धर्मांच्या मुलांसाठी, एक पंखा, एक माठ, एक जबाबदार मोठं माणूस. आणि उन्हाळा. सोलापूरचं एप्रिल-मेचं ऊन मी तुम्हाला सांगायला नको, आणि इथे नळाला रोज पाणी येत नाही हेही नको. आवारात विहीर किंवा बोअर असेल, तर फाटकाला एक तोटी बाहेरच्या बाजूने बसवा.

तरुण संघाच्या कार्यक्रमाला मी सरसकट नाही म्हणत नाही. त्यांच्यात ऊर्मी आहे, ती मोडू नका. त्यांना आधी अभ्यासिकेचे आठवडे वाटून द्या. वस्तीतली मुलं त्यांना नावाने ओळखू लागली, की वर्षाअखेरीस कार्यक्रम करा आणि त्यात त्या मुलांचाही सहभाग असू दे. स्पीकर रात्री दहाला बंद. नियमच तसा आहे, आणि नाताळच्या दिवसांत कॅरलला निघताना हाच नियम गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांसाठी लक्षात ठेवा.

ज्येष्ठांशी भांडून यातलं काही होणार नाही. त्यांच्या पिढीने हे चर्च तगवलंय. भिंतींच्या डागडुजीपासून कोर्टकचेरीपर्यंत सगळं निस्तरलंय. त्यांना काळजी हॉलच्या वस्तूंची, विजेच्या बिलाची आणि उद्या काही झालं तर जबाबदार कोण याची असते. ती योग्य काळजी आहे. म्हणून बैठकीत ‘मंडळीचा दृष्टिकोन बदलण्याचा’ ठराव मांडू नका. तीन महिन्यांसाठी अभ्यासिका, किल्ली अमक्यांकडे, बिलातली वाढ महिला मंडळ भरणार, नंतर पुन्हा विचार करू, असा छोटा प्रस्ताव ठेवा. एका ज्येष्ठ पंचांनाच आठवड्यातून एक संध्याकाळ तिथे बसायची विनंती करा. मुलं गणितं विचारायला लागली की पुढचं तुम्हाला बोलावं लागणार नाही.

आणि एक काम आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे, सुरू होण्याआधीच करून घ्या. नाताळच्या संध्याकाळी आपल्या चर्चांकडे सगळ्या धर्मांची कुटुंबं मुलांना गोठ्याचा देखावा दाखवायला येतात, मेणबत्ती लावतात. वर्षातली सर्वांत मोठी गर्दी हीच, आणि तेव्हा नेमके आपण सकाळची उपासना आटोपून घरी करंज्या खात असतो. त्या संध्याकाळी पाच ते नऊ दोघा-दोघांच्या पाळ्या लावा. मुलांना देखाव्यातली गोष्ट सांगणारा एक, चहा देणारा एक. यादी आत्ताच करायला घ्या, कारण डिसेंबर उजाडला की कोणीच मोकळं सापडत नाही.